वाचन आणि चिकित्सा

भिवंडी तालुक्यातील अकलोली येथे तानसा नदीच्या काठी गरम पाण्याची कुंडे आहेत. या एकाच पाण्याविषयी तीन प्रकारची विधाने वाचावयास मिळतात. वज्रेश्वरी देवीने मारलेल्या दैत्यांचे ते रक्त होय, असे आख्यायिका सांगते. जमिनीत खोल मुरलेले पाणी तेथील उष्णतेने तापून खडकांतील भेगांवाटे वर येते, असे भूविज्ञान म्हणते. या स्नानाने त्वचारोग बरे होतात, असे यात्रेकरूंसाठीच्या मजकुरात आढळते.

विद्यार्थ्याने ही तिन्ही वाक्ये एकाच रीतीने पाठ केली, तर तो साक्षर ठरेल. वाचक ठरणार नाही. पहिले विधान श्रद्धेचे व लोकस्मृतीचे आहे. त्यास तापमापक लावणे व्यर्थ होय. दुसरे गणेशपुरी, उन्हवरे अशा कोकणातील इतर झऱ्यांशी ताडून पाहता येते. तिसऱ्यास मात्र पुरावा मागितलाच पाहिजे. रोग कोणता, रोगी किती, तपासले कोणी? कारण त्यावर विसंबून औषध बंद करणारा रोगी प्रकृती गमावून बसण्याचा संभव असतो.

'कारणे द्या' या प्रश्नाचे तयार उत्तर गाईडात मिळते. प्रश्न विचारण्याची सवय तेथे मिळत नाही. ती शिक्षकानेच लावावयाची असते. हे कोण म्हणतो, कशाच्या आधारे म्हणतो आणि काय सांगावयाचे टाळतो, हे तीन प्रश्न प्रत्येक उताऱ्यापाशी विचारले जावेत. त्यांना गुण मिळत नाहीत, म्हणूनच ते वर्गात आवर्जून विचारले गेले पाहिजेत.