निरोप तोच, जमीन वेगळी

मेंदूतील दोन चेतापेशी एकमेकींना चिकटलेल्या नसतात. मध्ये मिलिमीटरच्या सुमारे पन्नास हजाराव्या भागाइतकी फट असते आणि निरोप ती रसायनाच्या रूपाने ओलांडतो. ग्लुटामेट समोरच्या रिसेप्टरला चिकटले, की तिथले दार उघडते, सोडियम आत शिरते आणि एक-दोन मिलिसेकंदांत पेशी चेतते. गाबा उलट पेशीला आवरते. ‘हो’ किंवा ‘नको’, एवढाच हा व्यवहार. ही रसायने म्हणजे न्यूरोट्रान्समीटर.

डोपामिन, सेरोटोनिन, नॉरॲड्रेनालिन यांची तऱ्हा बहुधा वेगळी. ती फटीबाहेरही झिरपतात आणि थेट दार उघडण्याऐवजी पेशीच्या आत रासायनिक साखळी सुरू करतात. परिणाम सावकाश होतो, पण बराच टिकतो. पुढच्या निरोपाला पेशी किती दाद देणार, हे त्यावर ठरते. शेतीचे उदाहरण घेऊ. मूर्तिजापूर तालुक्याचा बराच भाग खारपाणपट्ट्यात, म्हणजे क्षारयुक्त जमिनीच्या पट्ट्यात येतो. तिथे बी तेच, पाऊस तोच, पण पीक कसे येणार हे जमिनीतले क्षार ठरवतात. डोपामिनसारखी रसायने मेंदूची अशी जमीन घडवतात; त्यांना न्यूरोमॉड्युलेटर म्हणतात. उपमा थोडी लंगडी आहे: शेतातले क्षार पिढ्यान्‌पिढ्या हटत नाहीत, ही रसायने झोप-जागेसरशी बदलतात.

निरोप्ये आणि जमीन यांतला भेद उघड करण्यात सर्पगंधा या वनस्पतीचा मोठा वाटा आहे. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी उच्च रक्तदाबावर तिची चाचणी घेतली. १९४९ मध्ये ती ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये छापून आली आणि जगाचे लक्ष या मुळीकडे गेले. १९५२ मध्ये तिच्यातून रेसर्पिन वेगळे काढण्यात आले. ते चेतापेशींतील डोपामिन, नॉरॲड्रेनालिन, सेरोटोनिनच्या कुप्या रिकाम्या करते. ग्लुटामेट आणि गाबाच्या कुप्यांना हात लावत नाही. म्हणजे निरोप्ये शाबूत, जमीन मात्र उजाड. १९५७ मध्ये स्वीडनच्या आर्विड कार्लसन यांनी रेसर्पिन दिलेले ससे जिवंत होते, पण कान पाडून निश्चल बसले होते. डोपामिन ज्यापासून बनते ते एल-डोपा टोचताच ते पुन्हा हालचाल करू लागले. पार्किन्सनच्या उपचाराची वाट इथून निघाली. कार्लसन यांना २००० मध्ये नोबेल मिळाले.

नावांच्या या वाटणीला मात्र फार घट्ट धरू नये. एखादे रसायन कोणत्या गटात बसते, हे त्याच्यापेक्षा रिसेप्टरवर अवलंबून असते. ॲसिटिलकोलिन हातापायांच्या स्नायूंत झटपट दार उघडून आकुंचन घडवते. हृदयात तेच पेशीच्या आतल्या साखळीमार्फत ठोके मंदावते. सेरोटोनिनचाही एक रिसेप्टर थेट दार उघडणारा आहे.