नवा संगणक घेण्याआधी

एका माणसाचा आवाज २४ बिट आणि ४८ किलोहर्ट्झ या स्टुडिओच्या मापानं रेकॉर्ड केला, तर संगणकाला सेकंदाला जेमतेम १४४ किलोबाइट लिहावे लागतात. मिनिटाला साडेआठ एमबीच्या थोडं वर. गायक, हार्मोनियम, तबल्याचे दोन माइक, तानपुरा, टाळ आणि कोरसचे दोन आवाज असे आठ ट्रॅक एकदम घेतले तरी आकडा सेकंदाला सव्वा एमबीच्या आतच राहतो. दहा-बारा वर्षांपूर्वीची हार्ड डिस्कसुद्धा याच्या कितीतरी पट वेगानं लिहिते.

तरीही घरी रेकॉर्डिंगला बसलेल्यांची रड वेगळीच असते. ऐन तानेत 'टक्' असा आवाज येतो, स्क्रीन गोठते, हेडफोनमध्ये स्वतःचाच स्वर उशिरा ऐकू येतो. मग घरात ठरतं की हे मशीन आता कामातून गेलं. बहुतेक वेळा तसं नसतं. एखादाच भाग बाकीच्यांना अडवून धरत असतो. तो नेमका ओळखला, तर नव्या लॅपटॉपच्या किमतीच्या लहानशा हिश्शात काम भागतं.

ओळखायला पैसे लागत नाहीत. विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडावा आणि एखादा प्रोजेक्ट वाजवावा. डिस्कचा आकडा सतत १०० टक्क्यांवर टेकत असेल तर दोष डिस्कचा. मेमरी नव्वदीच्या वर असेल तर रॅम अपुरी. प्रोसेसरच भरून गेला असेल, तर पैसे काढण्याआधी काम करण्याची पद्धत बदलून पाहावी.

पहिला खर्च जवळजवळ नेहमीच एसएसडीचा. हार्ड डिस्कमध्ये तबकडी फिरते आणि वाचणारं टोक त्यावर इकडून तिकडे धावतं. रेकॉर्डिंग चालू असताना विंडोजचं अपडेट, अँटिव्हायरस आणि गाण्याचे आठ-दहा ट्रॅक असे सगळेच त्या एका टोकाला हाका मारतात. एसएसडीत फिरणारं काहीच नसतं. जुन्या मशीनमधलं साटा कनेक्शन सेकंदाला साधारण ५५० एमबीपर्यंतच जाऊ देतं, म्हणून तिथे महागडी एसएसडी घेण्यात अर्थ नाही. साधी अडीच इंची पुरते. काढलेली हार्ड डिस्क यूएसबी केसमध्ये घातली की बॅकअपची सोय होते.

दुसरा खर्च रॅमचा, आणि फसगतही इथेच जास्त होते. लॅपटॉपची रॅम आखूड असते, डेस्कटॉपची लांब. डीडीआर३ आणि डीडीआर४ यांच्या खाचा वेगवेगळ्या जागी असतात. इंटेलच्या चौथ्या पिढीच्या लॅपटॉपना १.३५ व्होल्टची डीडीआर३एल लागते, तिथे १.५ व्होल्टची जुनी पट्टी चालत नाही. शिवाय विंडोज ३२ बिट असेल तर घरच्या आवृत्तीला ४ जीबीच्या वरची रॅम वापरताच येत नाही. आधी ६४ बिट विंडोज टाकायला हवं. प्रत्यक्ष गाणं-वाजवणं रेकॉर्ड करणाऱ्याला ८ जीबी पुरतात. संगणकातल्याच व्हायोलिन-सतारींचे नमुने वापरून संगीत रचणाऱ्यानं १६ जीबी गाठावेत. २०२५च्या अखेरीपासून एआय डेटा सेंटरच्या मागणीमुळे मेमरीचे भाव चढले आहेत. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेत जाणाऱ्यानं जुनी पट्टी सोबत न्यावी आणि वापरलेल्या रॅमचीही चौकशी करावी.

हे काम प्रत्यक्षात किती सोपं असतं, हे २०१२च्या १३ इंची मॅकबुक प्रोकडे पाहून कळतं. अॅपलनं तो २०१६पर्यंत विकला, त्यामुळे अनेक संगीतकारांकडे तो अजून आहे. मूळ मशीनमध्ये ४ जीबी रॅम आणि मिनिटाला ५,४०० फेऱ्यांची ५०० जीबीची डिस्क. खालच्या झाकणाला दहा स्क्रू असतात. त्यातले तीन लांब, म्हणून ते ज्या क्रमानं निघाले त्याच क्रमानं कागदावर मांडून ठेवायचे. रॅमच्या दोन्ही बाजूंच्या चिमट्या बाहेर दाबल्या की पट्टी तिरकी वर येते. डिस्कच्या कडांना तारेच्या आकाराच्या खाचांचे चार छोटे स्क्रू असतात, ते काढून नव्या एसएसडीला लावावे लागतात. अॅपलच्या कागदोपत्री मर्यादा ८ जीबीची असली तरी हे मशीन १६ जीबी बिनतक्रार घेतं. एक गोष्ट मात्र माहीत हवी. डिस्कला जोडणारी पातळ पट्टीवजा केबल या मॉडेलमध्ये वयानुसार खराब होते. नवी एसएसडी अडखळू लागली तर आधी ती केबल बदलावी.

आता उशिरा ऐकू येणाऱ्या स्वराकडे वळू. संगणक आवाज बांधकामावरच्या घमेल्यासारखा भरून भरून नेतो. त्या घमेल्याला बफर म्हणतात. १,०२४ नमुन्यांचा बफर ४८ किलोहर्ट्झला भरायला २१ मिलिसेकंद लागतात, आणि जाऊन परत यायला त्याच्या दुप्पट. एवढ्या वेळात हवेतला आवाज साडेचौदा मीटर जातो. म्हणजे गायकाला आपला स्वर हॉलच्या दुसऱ्या टोकाकडून आल्यासारखा ऐकू येतो. बफर १२८ वर आणला तर एका दिशेचा वेळ २.७ मिलिसेकंदांवर येतो, पण प्रोसेसरची धावपळ वाढते आणि जुन्या मशीनमध्ये तो 'टक्' आवाज येऊ लागतो.

यावरचा उतारा संगणकाच्या बाहेर आहे. तो म्हणजे यूएसबी ऑडिओ इंटरफेस, ज्याला आपल्याकडे सर्रास साउंड कार्ड म्हटलं जातं. बेहरिंगर यूएम२ किंवा फोकसराइट स्कार्लेट सोलो ही त्यातली ओळखीची नावं. कंडेन्सर माइकला लागणारी ४८ व्होल्टची फँटम पॉवर यातून मिळते. त्याहून मोलाची सोय म्हणजे डायरेक्ट मॉनिटरिंग. ती चालू केली की माइकमधला आवाज संगणकात न फिरता थेट हेडफोनमध्ये येतो. मग बफर मोठा ठेवला तरी गायकाला फरक पडत नाही आणि जुना प्रोसेसर निवांत राहतो. फक्त सॉफ्टवेअरमधलं मॉनिटरिंग बंद करावं, नाहीतर स्वर दोनदा ऐकू येतो. विंडोजवर कंपनीचा स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हर टाकावा. स्टाइनबर्ग कंपनीनं १९९७मध्ये आणलेली ही पद्धत विंडोजची नेहमीची लांबची वाट टाळते.

सॉफ्टवेअरसाठी जुन्या मशीनला रीपर मानवतं. विनअॅम्प लिहिणाऱ्या जस्टिन फ्रँकेल यांच्या कॉकोस कंपनीचं हे सॉफ्टवेअर आकारानं लहान आहे. ते ६० दिवस वापरून पाहता येतं आणि घरगुती वापराचा परवाना ६० डॉलरला मिळतो. साधं गाणं किंवा कथावाचन रेकॉर्ड करायला मोफत ऑडॅसिटीही पुरते.

प्रोसेसर खरोखरच दमत असेल तर ट्रॅक 'फ्रीझ' करावा. त्या ट्रॅकवरचे सगळे इफेक्ट एकदाच आवाजात मुरवले जातात आणि पुढे प्रोसेसरवर भार राहत नाही. ही युक्ती जुनी आहे. १९६७चा बीटल्सचा 'सार्जंट पेपर्स' हा अल्बम लंडनमध्ये चार ट्रॅकच्या यंत्रांवर घडला. चारही ट्रॅक भरले की ते एकत्र करून दुसऱ्या यंत्रावर उतरवायचे आणि पुढच्या वाद्यांसाठी जागा मोकळी करायची. जुन्या लॅपटॉपवर बसलेल्या माणसाकडे त्याहून कितीतरी जास्त ट्रॅक असतात.

काही उपाय फुकटचे आहेत आणि तेच लोक विसरतात. रेकॉर्डिंगपुरतं वायफाय बंद करावं, कारण त्याचा ड्रायव्हर अनेकदा त्या 'टक्'चं कारण असतो. लेटन्सीमॉन नावाचं साधन कोणता ड्रायव्हर अडवतो आहे ते दाखवतं. पॉवर प्लॅन हाय परफॉर्मन्सवर ठेवावा. पंख्यातली धूळ ब्रशनं काढावी, म्हणजे मशीन कमी तापतं आणि माइकमध्ये घरघरही कमी येते. माइकची पाठ संगणकाकडे असावी. चार्जर लावल्यावर गुणगुण ऐकू येत असेल तर घरातल्या अर्थिंगची तपासणी करून घ्यावी आणि तोवर बॅटरीवर रेकॉर्ड करावं. प्लगची तिसरी पिन काढून टाकणं धोक्याचं आहे.

विंडोज १०चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आणि इंटेलच्या आठव्या पिढीआधीची बहुतेक मशीनं विंडोज ११च्या अधिकृत यादीत नाहीत. अशा संगणकावर उबुंटू स्टुडिओ टाकता येतो. ही लिनक्सची संगीतासाठी सजवलेली मोफत आवृत्ती आहे आणि ती रीपरही चालवते. विंडोजच ठेवायचं असेल तर ते मशीन इंटरनेटपासून तोडून फक्त रेकॉर्डिंगला ठेवावं. बँकेचे व्यवहार त्यावर करू नयेत.

काही मशीनवर मात्र पैसे घालू नयेत. कोअर २ ड्युओच्या काळातला संगणक, रॅम बोर्डावरच डकवलेला ४ जीबीचा लॅपटॉप आणि फुगलेल्या बॅटरीचं मशीन ही त्यातली ठळक उदाहरणं. त्याऐवजी कंपन्यांनी विकायला काढलेले डेल ऑप्टिप्लेक्स किंवा लेनोव्हो थिंकसेंटर हे ऑफिसचे डेस्कटॉप पाहावेत. ते उघडायला सोपे असतात आणि आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा मिळाला तर विंडोज ११चाही प्रश्न सुटतो. घेताना दुकानातच हेडफोन लावून अर्धा तास सलग रेकॉर्ड करून पाहावं आणि ते पूर्ण ऐकूनच पैसे द्यावेत.