एका जंतूची वंशावळ

सन २०१७ च्या जुलै महिन्यात जोहान्सबर्ग येथील ख्रिस हानी बारागवानाथ आणि प्रिटोरिया येथील स्टीव्ह बिको या दोन मोठ्या रुग्णालयांत नवजात अर्भकांचे कक्ष सांभाळणाऱ्या डॉक्टरांच्या ध्यानी असे आले की, जो आजार एरवी क्वचित एखाद्या तान्ह्या मुलात आढळावयाचा, तो आता लागोपाठ अनेकांत आढळू लागला आहे. या मुलांच्या रक्तातून प्रयोगशाळेत जो जंतू वाढे, तो लिस्टेरिया मोनोसायटोजिनिस हा होता. दक्षिण आफ्रिकेत या जंतूचे रुग्ण वर्षाकाठी साठ ते ऐंशीच्या घरात असावयाचे. डॉक्टरांनी राष्ट्रीय संसर्गजन्य रोग संस्थेला वर्दी दिली. संस्थेने जुनी दप्तरे उघडली, आणि मग हळूहळू लक्षात आले की प्रकार त्या वर्षाच्या आरंभापासूनच सुरू झालेला आहे. पुढील वर्षी साथ संपल्याचे जाहीर झाले, तेव्हा प्रयोगशाळेने निश्चित केलेल्या रुग्णांची संख्या १०६० आणि मृतांची २१६ होती. लिस्टेरियाची याहून मोठी साथ जगात त्यापूर्वी कोठे नोंदली गेलेली नाही.

या जंतूचा आणि जोहान्सबर्गचा संबंध मात्र जुना आहे. १९२६ साली केंब्रिज येथे मरे आणि त्याच्या सहकाऱ्यांनी प्रयोगशाळेतील सशांमध्ये तो प्रथम पाहिला. आणि लगेच १९२७ साली जोहान्सबर्गच्या वैद्यकीय संशोधन संस्थेतील हार्वे पिरी या डॉक्टरने तेथील रानउंदरांच्या एका रोगाचा तपास करीत असता तोच जंतू स्वतंत्रपणे शोधून काढला. जखमा निर्जंतुक करण्याची विद्या जगाला देणाऱ्या लॉर्ड लिस्टरचे नाव त्याला पिरीनेच दिले, आणि किरकोळ फेरफाराने ते १९४० पासून कायम झाले. हा पिरी तरुणपणी अंटार्क्टिकाच्या मोहिमेवर जाऊन आलेला गृहस्थ होता. त्याने ज्याचे बारसे केले त्या जंतूलाही थंडीचे वावडे नसावे, हा योगायोग मला मोठा गमतीचा वाटतो.

कारण थंडी हेच लिस्टेरियाचे बळ आहे. अन्न नासविणारे बहुतेक जंतू शीतकपाटात ठेवले की निद्रिस्त होतात. हा मात्र चार अंशांच्या गारठ्यातही सावकाश वाढत राहतो, मिठाला फारशी दाद देत नाही, आणि प्रतिस्पर्धी गारठून पडल्यामुळे त्याला रान मोकळे मिळते. चांगल्या उकळीपुढे त्याचा टिकाव लागत नाही. म्हणून जे अन्न शिजविले जाते, मग थंड केले जाते, आणि पुन्हा चुलीवर न चढता तसेच तोंडात जाते, ते त्याला विशेष मानवते. निरोगी माणसाच्या पोटात तो गेला तर पुष्कळदा दोन दिवसांचा ताप आणि जुलाब यांवर निभावते. पण वृद्ध, प्रतिकारशक्ती क्षीण झालेले रोगी आणि गर्भवती स्त्रिया यांच्या बाबतीत तो आतड्याची भिंत ओलांडतो, पेशींच्या आतच दडून एका पेशीतून दुसरीत सरकतो, आणि रक्तावाटे मेंदूच्या आवरणापर्यंत किंवा वारेतून गर्भापर्यंत पोहोचतो. आईला साधी कणकण यावी आणि मूल मात्र मृत जन्मावे किंवा जन्मताच अत्यवस्थ व्हावे, असे या रोगाचे क्रूर स्वरूप आहे. साथीच्या ऐन काळात अभ्यासलेल्या ९३७ रुग्णांपैकी ४६५ गर्भारपणाशी संबंधित होते, आणि त्यांतील ४०६ तर नवजात अर्भके होती. ज्यांच्या एचआयव्हीची तपासणी झालेली होती अशा उरलेल्या रुग्णांपैकी जवळजवळ निम्म्यांना ती बाधाही होती. त्या देशात ही गोष्ट दुर्लक्षून चालत नाही.

तपासातली खरी अडचण अशी की, दूषित घास पोटात जाणे आणि आजार उघडकीस येणे यांत कधी कधी सत्तर दिवसांपर्यंतचे अंतर पडते. ज्या स्त्रीचे मूल आजारी आहे, तिला गेल्या महिन्यात आपण काय काय खाल्ले ते विचारावयाचे. आणि तिने तरी, त्या मनःस्थितीत, कोणत्या मंगळवारी पावाबरोबर काय होते ते कसे आठवावे? शिवाय जे सगळेच जण रोज खातात, त्याच्याविषयीची जबानी घेऊन उपयोग काय?

असा रोजचा पदार्थ तेथे पोलोनी हा होता. कोंबडीचे किंवा इतर मांस अगदी बारीक वाटून, त्यात मीठ, मसाला, रंग घालून, जाड नळीसारख्या आवरणात भरून ते शिजवितात आणि थंड करून विकतात. ही गुलाबी, हाताच्या मनगटाएवढी किंवा त्याहूनही जाड कांडी सुरीने कापून तिच्या चकत्या पावात घालावयाच्या, एवढाच तिचा पाक. गरिबाला परवडणारे मांस म्हणजे पोलोनी. सोवेटोच्या रस्त्यांवर कोटा नावाचा जो पदार्थ मिळतो, त्यात पावाचा चौथा हिस्सा घेऊन त्याचा गाभा कोरतात आणि त्या पोकळीत तळलेले बटाटे, पोलोनीची चकती आणि हिंदी महासागर ओलांडून तिकडे पोहोचलेले आंब्याचे लोणचे ठासून भरतात. शाळकरी पोरापासून मजुरापर्यंत सर्वांचे दुपारचे जेवण त्यावर होते. अशा सर्वव्यापी पदार्थावर संशय घेणे म्हणजे एका अर्थी कोणावरच संशय न घेणे होय.

त्यात सरकारी शिरस्त्याचीही एक उणीव होती. लिस्टेरियाचा रोगी आढळल्यास कळविलेच पाहिजे असा कायदा त्या वेळी तेथे नव्हता. तो हुकूम डिसेंबर २०१७ मध्ये, आरोग्यमंत्री आरोन मोत्सोआलेदी यांनी साथ जाहीर केल्यानंतर निघाला. ज्या रोगाची नोंदच सक्तीची नाही, त्याची साथ दप्तरात दिसावी कशी? यंत्रांच्या कौतुकात ही गोष्ट बहुधा मागे पडते, म्हणून ती येथे मुद्दाम सांगितली.

आता यंत्रांकडे वळू. लिस्टेरियाचा जनुकसंच सुमारे २९ लक्ष अक्षरांचा असतो, आणि जंतू दुभंगून एकाचे दोन होतात तेव्हा या सगळ्या मजकुराची नक्कल होते. ही नक्कल जवळजवळ बिनचूक असते. पण क्वचित एखादे अक्षर चुकते, आणि चुकलेले अक्षर पुढच्या सर्व पिढ्यांत तसेच उतरते. ज्ञानेश्वरीच्या हस्तलिखितांचा ज्यांनी अभ्यास केला आहे त्यांना ही रीत नवी वाटणार नाही. शके १५०६ मध्ये एकनाथांनी ती शुद्ध करावयास घेतली, याचे कारण नकलाकारांच्या हातून तीत शिरलेले पाठभेद हेच होते. आणि आजही दोन पोथ्यांत एकाच ठिकाणी एकच विचित्र चूक आढळली, तर अभ्यासक म्हणतो की या दोन्ही पोथ्या एकाच मूळ पोथीवरून उतरल्या आहेत. बरोबर अक्षरे सर्वांचीच सारखी असतात, त्यावरून नाते कळत नाही. नाते सांगतात त्या चुका. जंतूंच्या बाबतीतही नेमके हेच घडते. रुग्णाच्या रक्तातून वाढविलेल्या जंतूतील डीएनए काढून त्याचे तुकडे यंत्राने वाचावयाचे, गणकयंत्राने ते जुळवावयाचे, आणि लिस्टेरियाच्या सर्व जातभाईंत आढळणाऱ्या १७४८ जनुकांपैकी किती जनुकांत दोन नमुने परस्परांहून वेगळे आहेत ते मोजावयाचे. पूर्वीच्या पद्धतींत जंतूच्या डीएनएचे मोठे तुकडे करून त्यांच्या पट्ट्यांची ठेवण तेवढी पाहत. तीवरून दोन जंतू निराळे आहेत हे कळे, पण ते सख्खे की चुलत हे खात्रीने सांगता येत नसे.

अशा रीतीने राष्ट्रीय संसर्गजन्य रोग संस्थेत ६०९ रुग्णांचे जंतू वाचले गेले, आणि त्यांपैकी ५६७, म्हणजे शेकडा ९३, एकाच कुळातील निघाले. शास्त्रज्ञांच्या यादीत त्या कुळाला सहावा क्रमांक आहे. देशभर विखुरलेल्या, एकमेकांना कधीही न भेटलेल्या, निरनिराळ्या बाजारांत खरेदी करणाऱ्या शेकडो माणसांत एकच कुळ आढळावे, याचा अर्थ त्यांच्या ताटात कोठून तरी एकाच ठिकाणचे काही आले होते. पण ते ठिकाण कोणते, हे त्या अक्षरांत लिहिलेले नव्हते. जनुकसंच नाते सांगतो. पत्ता सांगत नाही.

या कोड्याची उकल संशोधकांनी ज्या रीतीने केली, तिचे मला सर्वांत अधिक अप्रूप वाटते. आजारी माणसांची तुलना निरोगी शेजाऱ्यांशी करण्याचा प्रघात आहे. परंतु आजारी माणूस आपले खाणे अधिक काळजीपूर्वक आठवतो, निरोगी माणूस आठवण्याची तसदी घेत नाही, आणि तुलना तेथेच लंगडी पडते. येथे जनुकांनी आजाऱ्यांचेच दोन वर्ग पाडून दिले होते: सहाव्या कुळाचे रुग्ण आणि इतर कुळांचे रुग्ण. रोग तोच, भीती तीच, आठवण्याची उत्सुकता तीच. फरक काय तो जंतूच्या वंशाचा. मग या दोन वर्गांना तेच प्रश्न विचारले गेले, आणि सहाव्या कुळाच्या रुग्णांनी पोलोनी खाल्लेली असण्याची शक्यता इतरांच्या साडेआठ पट निघाली. सगळेच खातात म्हणून निरर्थक वाटणारी जबानी अशा प्रकारे बोलकी झाली. वर्तमानपत्रांनी जनुकवाचनाच्या यंत्राची वाहवा केली ती योग्यच होती. पण ज्यांनी फॉर्म हातात घेऊन बाळंतिणींच्या खाटेशी बसून पोलोनीचा ब्रँड विचारला, त्यांच्या वाट्याला त्यातला फारच थोडा अंश आला, हे मला न्याय्य वाटत नाही.

जानेवारी २०१८ मध्ये दैवानेही हातभार लावला. सोवेटोतील एका पाळणाघरातली पाच वर्षांखालील नऊ मुले ताप आणि जुलाब घेऊन बारागवानाथ रुग्णालयात आली. तपासणाऱ्या बालरोगतज्ज्ञाला अन्नाचा संशय आला. आरोग्य निरीक्षक त्याच पाळणाघरात गेले, आणि तेथील शीतकपाटात त्यांना दोन निरनिराळ्या उत्पादकांची पोलोनी सापडली. सत्तर दिवसांपूर्वीची आठवण नव्हे, तर उरलेली प्रत्यक्ष चकती हाती आली होती. आजारी मुलांपैकी एकाच्या शौचाच्या नमुन्यात लिस्टेरिया मिळाला आणि पोलोनीतही मिळाला. मग फेब्रुवारीत संस्थेची माणसे, सरकारी अधिकारी आणि जागतिक आरोग्य संघटनेने जिनिव्हाहून पाठविलेले तीन तज्ज्ञ उत्तरेकडील लिंपोपो प्रांतातील पोलोक्वाने शहरी, एंटरप्राइझ या टायगर ब्रँड्सच्या मालकीच्या कारखान्यात गेले. केवळ मालाचे नमुने घेऊन ते परतले नाहीत. कारखान्याच्या परिसरातील जागोजागचे पृष्ठभाग ओल्या कापसाने पुसून ते बोळे त्यांनी प्रयोगशाळेकडे रवाना केले. मांसाच्या कारखान्यात हीच जागा खरी पाहावयाची असते. भट्टीतून निघालेला माल निर्जंतुक असला तरी ओलसर, गार दालनांतून, मोरीच्या कडेवरून, यंत्राच्या सांध्यांतून जंतूंचा पातळ थर वर्षानुवर्षे तग धरून बसलेला असतो, आणि शिजून झालेल्या मालाला तो तेथे पुन्हा गाठतो.

तीस टक्क्यांहून अधिक बोळ्यांत लिस्टेरिया निघाला. जनुकवाचनाचा अहवाल ३ मार्चच्या मध्यरात्री आला आणि ४ मार्च २०१८ या रविवारी आरोग्यमंत्र्यांनी कारखान्याचे नाव जाहीर केले. कारखान्यातील नमुने, पोलोनी आणि रुग्ण यांच्यातील सहाव्या कुळाचे जंतू एकाच गटात मोडत होते. त्यांच्यात फार तर चार जनुकांचा फरक होता. माल बाजारातून परत बोलाविण्याचा हुकूम सुटला, शेजारच्या देशांनीही तो माल थांबविला, आणि सहाव्या कुळाचे नवे रुग्ण झपाट्याने घटत गेले. ३ सप्टेंबर रोजी साथ संपल्याचे जाहीर झाले. ही घट म्हणजे कारखान्याविरुद्धच्या पुराव्याचा अखेरचा दुवा होता.

याच विद्येने निर्दोष सोडण्याचेही काम केले, हे विसरता कामा नये. दुसऱ्या एका मोठ्या उत्पादकाच्या कारखान्यातही लिस्टेरिया आढळला होता. जनुकवाचन नसते, तर या साथीचे खापर त्याच्याही माथी फुटले असते. परंतु तेथील जंतू सहाव्या कुळाचा नव्हता. त्याची पोलोनी बाजारातून उचलली गेली ती योग्यच, कारण लिस्टेरिया कोणत्याही कुळाचा असो, खाण्यात नको. तथापि या साथीतील मृत्यूंचा जाब त्याला विचारता येत नव्हता.

पुढला मामला न्यायालयात गेला. डिसेंबर २०१८ मध्ये जोहान्सबर्गच्या उच्च न्यायालयाने पीडितांना आणि त्यांच्या कुटुंबीयांना टायगर ब्रँड्सविरुद्ध सामुदायिक दावा चालविण्यास परवानगी दिली, आणि तो वर्षानुवर्षे रेंगाळला. प्रयोगशाळेची विद्या आणि न्यायालयाची गरज यांतील अंतर अशा दाव्यात फार ठळकपणे दिसते. साथ कोठून आली या प्रश्नाला जनुकसंचाचे उत्तर निःसंदिग्ध आहे. पण माझे मूल त्याच पोलोनीमुळे दगावले काय, हा एका आईचा प्रश्न निराळा आहे, आणि त्याचे तसले उत्तर देण्यासाठी त्या मुलाच्या रक्तातील जंतू कोणी तरी राखून ठेवून वाचलेला असावा लागतो. अभ्यासलेल्या ९३७ रुग्णांपैकी ६०९ जणांच्या बाबतीत तसे झाले. उरलेल्या ३२८ जणांना आपण कधी आजारी पडलो, कोठे राहत होतो, कोणत्या दुकानातून काय आणून खाल्ले, एवढ्याच जुन्या धर्तीच्या पुराव्यावर आपली फिर्याद मांडणे भाग आहे.