'जास्त झालीय, झोपू द्या'

रात्री दुचाकीवरून पडलेल्या माणसाच्या तोंडाला दारूचा वास आला की सोबतचे म्हणतात, 'जास्त झालीय, झोपू द्या.' हा सल्ला जिवावर बेतू शकतो. बरळणं, उलटी, गुंगी ही नशेची लक्षणं. कवटीच्या आत रक्तस्राव होत असतानाही हीच दिसतात. म्हणून गुंगी दारूचीच आहे असं डॉक्टरांनी गृहीत धरायचं नसतं. शंका असेल तर डोक्याचा सीटी स्कॅन करावाच लागतो.

रोज पिणाऱ्याला धोका आणखी मोठा. वर्षानुवर्षांच्या दारूने मेंदू आक्रसतो. मग मेंदू आणि त्यावरचं जाड आवरण यांच्यामधल्या नाजूक शिरा ताणल्या जातात आणि किरकोळ धक्क्यानेही तुटतात. यकृत बिघडलेलं असेल, तर रक्त गोठवणारी प्रथिनंही कमी पडतात. रक्त हळूहळू साठत राहतं. कधी त्रास जाणवायला काही आठवडे जातात, तोवर आपण पडलो होतो हेही आठवत नाही.

मुळात तोल जातो, कारण तो सांभाळणाऱ्या लहान मेंदूचं काम दारू मंदावते. धोक्याचा अंदाज तर त्याआधीच बिघडलेला असतो. आपल्या कायद्यात वाहनचालकासाठी मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम आहे. सोबत झोपेच्या गोळ्या किंवा गांजा असेल, तर त्याहून कमी दारूही घात करते. लिंबूपाण्याने किंवा कॉफीने रक्तातली दारू उतरत नाही. यकृत आपल्या गतीनेच ती संपवतं.

अशा वेळी जखमीची मान हलू देऊ नका, १०८ ला फोन करा आणि त्याने काय, किती घेतलं होतं ते डॉक्टरांपासून लपवू नका.