जुनी जीप, नवे आयुष्य – लेखांक ६ : मागचा ॲक्सल आधी ओळखा, मग बदला

मागच्या लेखांकात आपण ट्रान्स्फर केस उघडून पाहिली. तिथून निघालेली ताकद प्रोपेलर शाफ्टमधून मागच्या ॲक्सलकडे जाते. जुन्या जीपच्या हौशीत पैसे वाया जाण्याची सर्वांत सोपी जागा हीच. आरसी बुकात गाडीचे मॉडेल लिहिलेले असते. पण चाळीस-पन्नास वर्षांत हा ॲक्सल, त्यातले क्राऊन-पिनियन किंवा शाफ्ट कोणी आणि कधी बदलले, याची नोंद कुठेच नसते. म्हणून कागदावर आणि विकणाऱ्याच्या शब्दावर न जाता ॲक्सल स्वतः पाहायचा आणि मोजायचा.

गुणोत्तर कुठून आले

दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज एमबी जीपच्या ॲक्सलचे गुणोत्तर ४.८८ होते. पिनियनला ८ दात, क्राऊनला ३९. प्रोपेलर शाफ्टचे ४.८८ फेरे झाले की चाकाचा एक फेरा होतो. १९४५ मध्ये नागरी सीजे२ए बाजारात आली. ही जीप शेतकऱ्यांना डोळ्यांसमोर ठेवून विकायची होती, नांगर ओढायचा होता. म्हणून गुणोत्तर ५.३८ केले : पिनियन ८, क्राऊन ४३. पुढे उंच बॉनेटची सीजे३बी आली, तिच्यातही हेच मूळ गुणोत्तर राहिले. महिंद्राने मुंबईत विलीजच्या जीपची जुळणी सुरू केली आणि सीजे३बीचा ढाचा इथे अनेक दशके चालला. आपल्याकडची जुनी जीप चढावर लोडसह सहज निघते आणि महामार्गावर मात्र लवकर दमते, त्याचे मूळ या शेतीच्या गुणोत्तरात आहे.

पाहून काय कळते

गाडीखाली जाण्याआधी मागच्या चाकाचा मध्य बघा. हबच्या टोकाला सहा बोल्टची चकती असेल आणि ते बोल्ट काढल्यावर शाफ्ट सरळ बाहेर येत असेल, तर तो युद्धकालीन धाटणीचा फुल-फ्लोटिंग ॲक्सल. यात गाडीचे वजन हबच्या बेरिंगवर असते, शाफ्टचे काम फक्त फिरवण्याचे. मध्यभागी एकच मोठा नट आणि त्यात स्प्लिट पिन दिसत असेल, तर तो सेमी-फ्लोटिंग. यात शाफ्टचे टोक निमुळते असते, त्यावर चावी बसवून हब घट्ट केलेला असतो. इथे शाफ्ट गाडीचे वजनही पेलतो. म्हणून तो बाहेरच्या टोकाला तुटला, तर चाक ड्रमसकट निघून येऊ शकते.

मग खाली जा. डिफरन्शियलचा फुगीर गोळा मध्यभागी नसून उजवीकडे सरकलेला दिसेल. जुन्या जीपच्या ट्रान्स्फर केसमधून मागची आणि पुढची दोन्ही टोके उजव्या बाजूलाच निघतात, त्यामुळे गोळाही त्याच रेषेत ठेवलेला आहे. हाउसिंगवरचा गंज तारेच्या ब्रशने घासा. डाना कंपनीच्या घडणीवर ओतीव अंकांत ४१ किंवा ४४ असा नमुना क्रमांक असतो. डाना ४४ च्या क्राऊनचा व्यास साडेआठ इंच. मागच्या झाकणाला दहा बोल्ट असतात. त्यातल्या एखाद्या बोल्टखाली दातांचे आकडे लिहिलेली पत्र्याची पट्टी टिकून असेल तर नशीबच. पण त्या पट्टीवरही विसंबू नका, कारण क्राऊन-पिनियन बदलल्यावर जुनी पट्टी तशीच लावली जाते.

मोजून काय कळते

झाकण न उघडताही गुणोत्तर काढता येते. जीप सपाट जागेवर उभी करा. पुढच्या दोन्ही चाकांना आणि जमिनीवर राहणाऱ्या मागच्या चाकाला दोन्ही बाजूंनी लाकडाचे भक्कम ठोकळे लावा. जुन्या जीपचा हँडब्रेक चाकांवर नसून ट्रान्स्फर केसमागे, प्रोपेलर शाफ्टवर असतो. शाफ्ट फिरायचा तर तो सोडावाच लागतो, म्हणून गाडी रोखण्याची सगळी जबाबदारी ठोकळ्यांवर असते. ट्रान्स्फर केस न्यूट्रलमध्ये, फोर व्हील सोडलेला. आता मागचे एकच चाक जॅकवर उचला आणि ॲक्सलखाली स्टँड लावा.

टायरवर आणि प्रोपेलर शाफ्टवर खडूची खूण करा. उचललेले चाक वीस फेरे फिरवा आणि शाफ्टचे फेरे मोजा. दुसरे चाक जमिनीवर थांबलेले असल्यामुळे डिफरन्शियलमध्ये चाकाच्या दोन फेऱ्यांना क्राऊनचा एकच फेरा होतो. म्हणजे वीस फेऱ्यांत क्राऊन दहा वेळा फिरतो. शाफ्टचे फेरे ५४ च्या जवळ आले तर गुणोत्तर ५.३८, ४९ च्या जवळ आले तर ४.८८ आणि ४३ च्या जरा अलीकडे थांबले तर ४.२७. शंका राहिलीच तर झाकण उघडून दात मोजा. तेल बदलायचे निमित्त साधले की हे कामही होते.

गुणोत्तर बदलायचे का?

आधी हिशेब करू. ताशी ६० किलोमीटर म्हणजे मिनिटाला बरोबर १,००० मीटर. जुन्या ६.००-१६ टायरचा एक फेरा सुमारे सव्वादोन मीटरचा धरला, तर चाक मिनिटाला सुमारे ४४४ वेळा फिरते. टॉप गिअरमध्ये ५.३८ वर इंजिन सुमारे २,४०० फेऱ्यांवर चालते, ४.८८ वर २,१७० आणि ४.२७ वर १,९००. महामार्गावर हा फरक कानाला, इंजिनाला आणि डिझेलच्या खर्चाला जाणवतो. पण घाटात, चिखलात आणि ट्रॉली ओढताना तोच फरक उलटा पडतो. गाडी बहुतेक गावरस्त्यांवर किंवा डोंगरात चालत असेल, तर ५.३८ ला हात लावू नका. मोठे टायर घातले असतील तर गुणोत्तराचा अर्धा बदल आधीच झालेला असतो, तोही हिशेबात धरा.

फोर व्हील जीपमध्ये मागचे गुणोत्तर बदलले की पुढचेही तेच करावे लागते. या ट्रान्स्फर केसमध्ये मधले डिफरन्शियल नसते; पुढचा आणि मागचा शाफ्ट एकाच वेगाने फिरतात. दोन ॲक्सलची गुणोत्तरे वेगळी असताना पक्क्या रस्त्यावर फोर व्हील लावला, तर ताण निघायला वाट उरत नाही आणि काहीतरी तुटते. म्हणून खर्चाचा अंदाज नेहमी दोन ॲक्सलचा काढा.

डाना ४४ मध्ये आणखी एक गोष्ट पाहायची. ३.९२ आणि त्यावरच्या गुणोत्तरांना एक कॅरिअर (ज्यावर क्राऊन बसतो तो भाग) लागतो, ३.७३ आणि त्याखालच्यांना दुसरा. त्यामुळे ५.३८ वरून ४.८८ किंवा ४.२७ वर येताना जुना कॅरिअर चालतो, ३.७३ वर जाताना नाही. क्राऊन आणि पिनियन नेहमी जोडीनेच घ्या. बॅकलॅश साधारण सात-आठ थाऊ ठेवून, शिम लावून, दातांना रंग फासून ठसा तपासणाऱ्या मिस्त्रीकडेच हे काम द्या. अंदाजाने बसवलेली जोडी थोड्याच दिवसांत घोंघावू लागते.

आधी कणखरपणा

गुणोत्तरापेक्षा शाफ्टचे काम आधी. निमुळत्या टोकाच्या शाफ्टवर हब कोरडा आणि स्वच्छ बसवा, ग्रीस लावू नका. चावी नवी घ्या. नट किमान २०० न्यूटन-मीटरला आवळा. स्प्लिट पिनचे भोक जुळले नाही तर नट सैल करू नका, आणखी आवळून जुळवा. ऑइल सील आणि बेरिंग बदला, जीएल-५ दर्जाचे तेल भरा.

दुसऱ्या गाडीचा अख्खा ॲक्सल घालायचा विचार असेल, तर खरेदीआधी चार मापे घ्या : गोळा उजवीकडे आहे का, चाकाचे पाच बोल्ट साडेपाच इंचाच्या वर्तुळावर आहेत का, पाट्यांच्या बैठकांमधले अंतर आणि एकूण रुंदी. मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ गाडीतल्या बदलांना मर्यादा घालते, तेव्हा आरटीओत आधी विचारा.

थोडक्यात क्रम असा : ओळख, दुरुस्ती, मजबुती आणि शेवटी गुणोत्तर. या क्रमाने गेलेल्या बऱ्याच मालकांना तिसऱ्या पायरीवरच कळेल की आपल्या जीपला नवा ॲक्सल नको होता, जुन्याची नीट निगा हवी होती.

पुढील लेखांकात : मागचे ड्रम, लायनर आणि व्हील सिलिंडर.