डेटा उडाला म्हणजे नेमके काय झाले?

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार थांबवला. त्यामुळे अनेकांना आपल्या संगणकात नवी विंडोज टाकून घ्यावी लागली. दुकानदार विचारतो, 'बॅकअप घेतलाय ना?' आपण मान डोलावतो. तो फॉरमॅट मारतो, नवी विंडोज टाकतो. घरी येऊन पाहावे तर सोसायटीचा हिशेब नाही, मुलीच्या लग्नाचे फोटो नाहीत. 'डेटा उडाला' म्हणून आपण डोक्याला हात लावतो. अशा वेळी पहिला तास फार मोलाचा असतो. त्या तासात काय करू नये, हे आधी समजून घेऊ.

आपल्याकडे जमीन कोणाची हे सातबारावरून कळते. समजा, उताऱ्यावरचे नाव कोणी खोडले, तरी शेत जागच्या जागीच असते. हार्ड डिस्कचेही तसेच आहे. फाइलचा मजकूर एका जागी असतो आणि तो कुठे आहे याची नोंद दुसरीकडे, एका यादीत असते. फाइल डिलीट केली की यादीत 'ही जागा मोकळी' एवढाच शेरा पडतो. क्विक फॉरमॅटमध्ये जुनी यादी जाऊन नवी कोरी यादी येते, मजकुराला हात लागत नाही. विंडोज टाकताना बहुधा हाच फॉरमॅट होतो. पूर्ण फॉरमॅटचे मात्र वेगळे. व्हिस्टापासून पुढच्या विंडोजमध्ये तो साऱ्या डिस्कवर शून्ये लिहितो. तिथे आशा संपली.

पण मोकळ्या शेतात दुसरा कोणी पेरणी करू शकतो. नवी विंडोज स्वतःच कित्येक जीबी जागा घेते. तेवढ्या भागातले जुने गेलेच. त्यानंतर आपण इंटरनेट पाहतो, गाणी उतरवतो, इतकेच काय, फाइली परत मिळवण्याचा प्रोग्रॅमही त्याच डिस्कवर टाकतो! दर वेळी थोडी थोडी जुनी जमीन नांगरली जाते. म्हणून पहिला नियम असा : संगणक वापरणे थांबवा.

२ ऑक्टोबर २०१८ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चे एक मोठे अपडेट दिले. त्यात काही ग्राहकांच्या फाइली नाहीशा झाल्या. कंपनीने काही दिवसांतच वितरण थांबवले आणि दुरुस्त आवृत्ती १३ नोव्हेंबरला आणली. फाइली गमावलेल्यांना कंपनीने तेव्हा हाच सल्ला दिला होता : संगणक शक्य तितका कमी वापरा आणि आमच्याशी संपर्क साधा.

आता शोध कुठून सुरू करायचा? फॉरमॅट न करता जुन्यावरच नवी विंडोज टाकली असेल, तर सी ड्राइव्हमध्ये 'विंडोज डॉट ओल्ड' नावाचे फोल्डर पाहा. त्यातल्या 'यूझर्स'मध्ये जुना डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, फोटो सापडतात. विंडोज १० आणि ११ मध्ये हे फोल्डर साधारण दहा दिवसांनी आपोआप काढून टाकले जाते. तेव्हा आजच कॉपी करून घ्या. डी ड्राइव्हही उघडून पाहा. पुष्कळदा तो जसाच्या तसा असतो.

मराठीत काम करणाऱ्यांची आणखी एक गंमत. फाइल उघडते, पण आत नुसती इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे दिसतात. ही फाइल बिघडलेली नसते. ती श्रीलिपी, कृतिदेव किंवा शिवाजी अशा जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली असते आणि तो फॉन्ट जुन्या विंडोजबरोबर गेलेला असतो. तोच फॉन्ट पुन्हा बसवला की मजकूर दिसू लागतो.

फॉरमॅट झालाच असेल, तर डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडावी. डिस्कवर बिटलॉकरचे कुलूप असेल तर त्याची ४८ अंकी किल्ली लागते. फोटोरेकसारखे मोफत प्रोग्रॅम यादीकडे न पाहता थेट मजकूर तपासतात. प्रत्येक जेपीजी फोटोची सुरुवात ठरावीक खुणेने होते, तिच्यावरून तो ओळखला जातो. मात्र अशा वेळी फाइलींची जुनी नावे मिळत नाहीत. सापडलेले सारे दुसऱ्या डिस्कवर साठवावे, त्याच डिस्कवर कधीही नाही.

संगणकात एसएसडी असेल, तर मात्र फार आशा धरू नये. २००९ मध्ये आलेल्या विंडोज ७ पासून 'ट्रिम' नावाची सोय आहे. मोकळ्या झालेल्या जागा कोणत्या, हे विंडोज एसएसडीला कळवते आणि एसएसडी त्या सवडीने साफ करून टाकते. म्हणजे उताऱ्यावरचे नाव खोडताच शेतही नांगरले जाते. एसएसडीमुळे संगणक वेगवान झाला, पण चूक सुधारायची सवड गेली.

म्हणून खरी काळजी आधीच घ्यायची. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि डाउनलोड्स सहसा सी ड्राइव्हवरच असतात, हे लक्षात ठेवा. त्यांची प्रत वेगळ्या डिस्कवर घ्या आणि त्यातल्या चार फाइली दुसऱ्या संगणकावर उघडून पाहा. त्या उघडल्या, तरच दुकानदाराला 'हो, घेतलाय' म्हणा.