चुनखडीचे गुण आणि दाताचा जीव

ब्रह्मपुरीच्या पूर्वेस वैनगंगा वाहते आणि तिच्या पलीकडे गडचिरोली जिल्ह्याची अरण्ये सुरू होतात. या मुलखात दाढ दुखू लागली की लवंगेच्या तेलाचा बोळा धरावा, धानाची कापणी उरकेपर्यंत कळ सोसावी आणि अखेरीस दाढ उपटून मोकळे व्हावे, हाच इलाजाचा क्रम बहुधा ठरलेला असतो. परंतु याच चंद्रपूर जिल्ह्यात, राजुरा-कोरपना भागात, ज्या चुनखडीवर सिमेंटचे मोठमोठे कारखाने उभे आहेत, त्या चुनखडीच्या कुळातली द्रव्ये उघड्या पडलेल्या दाताचे प्राण वाचवू शकतात, ही गोष्ट येथील घराघरांत पोहोचावयास हवी.

दात वरून दगडासारखा दिसला, तरी एनॅमल आणि डेंटिन यांच्या तटबंदीआड रक्तवाहिन्या, मज्जातंतू आणि नवे डेंटिन घडविणाऱ्या पेशी यांची मृदू मज्जा नांदत असते. किडीने किंवा आघाताने ही तटबंदी फुटली म्हणजे मज्जा मरणारच, असे फार काळ मानले जाई. तथापि प्रशियाच्या फ्रेडरिक राजाचे दंतवैद्य फिलिप फाफ यांनी 1756 सालीच उघड्या मज्जेवर सोन्याचा पातळ पत्रा झाकण्याचा उपाय लिहून ठेवला होता. 1965 साली काकेहाशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जंतुविरहित वातावरणात वाढविलेल्या उंदरांच्या दाढा मुद्दाम उघड्या केल्या, तेव्हा त्यांची मज्जा जगली आणि तिने जखमेवर डेंटिनचा पूल बांधला. साध्या उंदरांची मज्जा मात्र कुजून गेली. घातक ठरते ते मज्जेचे उघडे पडणे नव्हे, तर जंतूंचा शिरकाव, हे त्या प्रयोगाने निर्विवाद सिद्ध केले.

तत्पूर्वी 1920 साली जर्मनीतील हर्मान यांनी कॅल्शियम हायड्रॉक्साइड, म्हणजे विरवलेला चुनाच, पण शुद्ध स्वरूपात, दंतचिकित्सेत आणला होता. त्याच्या तीव्र क्षारतेने जंतू मरतात आणि मज्जेस नवे डेंटिन घडविण्याची चेतना मिळते. मात्र तो कालांतराने विरघळतो, दाताला घट्ट चिकटत नाही, आणि त्याखालील पुलात सूक्ष्म भुयारे राहतात. हे दोष बऱ्याच अंशी दूर केले ते अमेरिकेतील लोमा लिंडा विद्यापीठात महमूद तोराबिनेजाद यांनी सिद्ध केलेल्या व 1993 पासून वैद्यकीय वाङ्मयात आलेल्या ‘एमटीए’ या द्रव्याने. त्याचा सुमारे तीन चतुर्थांश भाग पोर्टलँड सिमेंटच असून क्ष-किरण चित्रात दिसावे म्हणून त्यात बिस्मथ ऑक्साइड मिसळलेले असते. ओलाव्यातच ते घट्ट होते, पण त्यास पावणेतीन तास लागतात आणि दात काळसर पडण्याची भीती राहते. 2009 नंतर आलेले ‘बायोडेंटिन’ हे तशाच कामाचे द्रव्य सुमारे बारा मिनिटांत घट्ट होते.

प्रत्यक्ष कृती मोठ्या दक्षतेची असते. रबराच्या पडद्याने दात लाळेपासून अलग करावयाचा, कीड काढावयाची आणि सोडियम हायपोक्लोराइटमध्ये भिजविलेला कापूस काही मिनिटे जखमेवर धरावयाचा. रक्त थांबले, तर मज्जा सशक्त आहे असे समजून वर यांपैकी एखाद्या द्रव्याचा थर देऊन दात त्याच बैठकीत पक्का बंद करावयाचा. रक्त थांबत नसेल, तर मज्जेचा वरचा रोगट भाग काढून उरलेल्या भागावर तोच उपचार करता येतो. गार पाण्याची कळ क्षणात विरत असेल तर यशाची आशा मोठी. रात्री आपोआप ठणका उठू लागला, म्हणजे बहुधा वेळ निघून गेलेली असते.

येथे एक गैरसमज निक्षून दूर केला पाहिजे. पानाच्या किंवा खर्र्याच्या डबीतला चुना, अथवा बांधकामाचे सिमेंट, घरी पोकळीत भरणे सर्वथा अनिष्ट होय, कारण त्यांत शुद्धता नाही, निर्जंतुकता नाही आणि जड धातूंवर नियंत्रणही नाही.

या उपचाराचे खरे मोल मुलांच्या बाबतीत आहे. सहाव्या वर्षी दुधाच्या दातांमागे मुकाट्याने उगवणारी दाढ कायमची असते. तिला दुधाची समजून पालक दुर्लक्ष करतात. तिचे मूळ पुरे होण्यास आणखी तीनेक वर्षे लागतात आणि तोवर मज्जा जिवंत राहिली, तरच ते पूर्ण वाढते. म्हणून ब्रह्मपुरी, आरमोरी, सिंदेवाहीच्या प्रत्येक शाळेत सात-आठ वर्षांच्या मुलांच्या या दाढा वर्षातून एकदा तरी तपासल्या जाव्यात. पहिली कळ लागताच आणलेले मूल एका बैठकीत दात वाचवून घरी जाऊ शकते, आणि वनातल्या गावाहून वारंवार खेपा घालण्याची ऐपत नसलेल्या कुटुंबास याहून मोठे साह्य दंतवैद्यकाजवळ नाही.